थांबण्याचे पैसे

३ फेब्रुवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. माझं अक्षर पाहून तुला हसू येईल. शाळेत माझे निबंध तूच लिहून द्यायचीस, त्यामुळे माझ्या हाताला लिहायची सवय लागलीच नाही. दोष तुझा.

इकडे सगळं झकास. बाबांनी दोन माणसांवर सुरू केलेलं लिफ्ट दुरुस्तीचं दुकान आता दुकान राहिलेलं नाही, कार्यालय झालंय. काचेचं दार, भिंतींना नवा रंग, फोनवर गोड बोलायला एक मुलगी. ग्रीसने माखलेल्या हातांनी चहाचा कप धरून तू ज्या खुर्चीवर बसायचीस, ती खुर्ची अजून आहे. तिला नवं कापड लावलं. डाग काही जाईनात.

निघताना तू म्हणाली होतीस, "वर्षभरात एक गिऱ्हाईक तुझ्या दाराशी फिरकणार नाही." दोन वर्षं झाली ताई, आम्ही अजून उभे आहोत. हे आपलं तुझ्या माहितीसाठी.

तक्रारी तर जवळजवळ बंदच झाल्यात. पूर्वी सकाळी कुलूप काढायच्या आत फोन वाजायला लागायचा: दार लागत नाही, दिवा गेला, घरघर येते. आता फोनवरची मुलगी विणकाम करत बसते, एक स्वेटर पुरा झाला. मामा परवा तो स्वेटर बघत म्हणाले, "हे लक्षण बरं नाही. लिफ्टा बिघडायच्या थांबत नसतात." मामा तसेच आहेत, कुणाचेच मामा नाहीत आणि सगळ्यांचे मामा. आपल्याकडचे सगळ्यांत जुने कारागीर म्हणून मी ऐकून घेतो. मी म्हटलं, तुम्ही काम चांगलं करता, त्याचं हे फळ. त्यांनी चष्मा पुसला आणि गेले.

डोळ्यांच्या दवाखान्याच्या बाईंनी यंदा करार पुढे चालवला नाही. एकोणीस वर्षांचं गिऱ्हाईक. कारण काही दिलं नाही. लोक लहरी असतात, तुला तर माहीतच आहे.

असो. सोबत परवान्याच्या नूतनीकरणाचा कागद आहे. परवाना तुझ्या पदवीवर आहे, तेव्हा खूण केलीय तिथे सही करून लगेच पाठव. दोन मिनिटांचं काम.

तुझा,
शहाणा
(हे नाव तूच ठेवलंस, आता निस्तर.)


२४ फेब्रुवारी

ताई,

सही मिळाली. आत दोन ओळी असतील म्हणून लिफाफा उलटा करून झटकला. नव्हत्या.

आणखी चार इमारती गेल्या. गेल्या म्हणजे करार संपला आणि कुणी काही बोललं नाही. भांडत कुणीच नाही ताई, हीच खरी गोम आहे. भांडायला आले असते तर मी दोन गोड शब्द बोललो असतो, थोडं कमी केलं असतं, चहा पाजला असता. एका इमारतीच्या सेक्रेटरींना रस्त्यात गाठलं. ते बाबांच्या वेळचे. म्हणाले, "तुमच्यावर राग नाही हो. पण तुमचा माणूस पेटी घेऊन जिना चढताना दिसला की छातीत धस्स होतं. लिफ्टचं काय निघेल याची भीती नाही वाटत, बिलात काय निघेल याची वाटते."

तुला वाटेल, मी काय दरोडे घातले. तसं काही नाही. मी वर्षाच्या कराराची रक्कम कमी केली, म्हणून तर इतकी गिऱ्हाइकं आली. मग वरचा खर्च भागवायला नको? फेरीचे वेगळे, दुसरा माणूस लागला तर त्याचे वेगळे, पेटी वर नेण्याचे वेगळे. हे सगळं करारात तळाला बारीक अक्षरात छापलेलं होतं. लपवलं नव्हतं. कुणी वाचलं नाही, यात माझा काय दोष?

बाबांची पद्धत मला पाठ आहे. पेटी उघडायच्या आधी दारात उभं राहून आकडा सांगायचा, आणि काम वाढलं तर वरचे आपल्या पदरचे. तुलाही तेच हवं होतं. त्यावरूनच आपलं फाटलं. पण बाबा शेवटपर्यंत सायकलवर फिरले, हे तू सोयीस्करपणे विसरतेस.

काल दवाखान्यात गेलो होतो. म्हटलं, बाईंना समक्ष भेटावं, एकोणीस वर्षांची ओळख आहे, पाघळतील. लिफ्टमध्ये दुसऱ्याच कंपनीचा गुळगुळीत कागद चिकटवलाय. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट जमिनीच्या दोन बोटं वर थांबली. माझ्याबरोबर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या एका डोळ्यावर पट्टी. त्यांनी पाय पुढे टाकला आणि जमीन लागेना म्हणून तसाच हवेत धरला. मी दंड पकडला त्यांचा.

दोन बोटं म्हणजे काही विशेष नाही. तू म्हणायचीस ना, लिफ्ट खाकरायला लागली की ऐकावं. ते आठवलं, इतकंच.

बाई भेटल्या नाहीत. कामात आहेत असं बाहेरच्या मुलीने सांगितलं. काचेतून मला त्या दिसत होत्या, कामात नव्हत्या.

सोबत एक छोटा कागद आहे, दुकानाच्या जागेसंबंधी. सवडीने सही कर.

शहाणा


१२ मार्च

ताई,

पुन्हा गेलो. चार बोटं. बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने वाकून मी हात लावून पाहिलं.

या वेळी बाई भेटल्या. केस पांढरे झालेत, बाकी तशाच, पाठ सरळ. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, "बाई, तुमच्या लिफ्टचा ब्रेक घसरतोय."

"नवीन लोक दर महिन्याला येतात," त्या म्हणाल्या. "तेल घालतात, पुसतात, जातात."

"तेलाने काही होणार नाही. लायनिंग, म्हणजे ब्रेकचं आतलं अस्तर, बदलावं लागेल."

"तुम्हाला काम हवंय का? तसं सरळ सांगा ना."

"मी फुकट करून देतो."

त्या हसल्या. वाईट नाही, अगदी खरं हसल्या. "फुकट? मग तर मुळीच नको. तुमच्या फुकटात काय काय असतं, ते मी वाचलंय." मग उठून त्यांनी मला दारापर्यंत सोडलं. लिफ्टने जाऊ का जिन्याने, असा मी घुटमळलो. त्या म्हणाल्या, "बघा, तुम्हाला इतकी भीती वाटतेय तर जिन्याने जा." मी जिन्याने गेलो. त्यांना वाटलं, नाटक करतोय.

बाई एवढ्या का तुटल्या, ते तुला पहिल्या पत्रात मी लहर म्हणून सांगितलं. लहर नव्हती. सांगतो.

गेल्या सप्टेंबरात भर दुपारी एक आजी दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्या. त्याच सकाळी डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मामा वीस मिनिटांत पोचले आणि दार उघडलं. पण आजी इतक्या घाबरलेल्या की बाहेर पाय टाकेनात. डब्याच्या फरशीवर बसून रडत होत्या. बाई स्वतः बाहेर जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि आत हात घालून त्यांचा हात धरून ठेवला. पाऊण तास. मामा पेटीवर बसून राहिले. मग आजी बाहेर आल्या.

संध्याकाळी मी मामांना विचारलं, किती वाजता मोकळे झालात. त्यांनी वेळ सांगितली. मी बिलात एक ओळ घातली: थांबण्याचा आकार, पाऊण तास.

नियमात बसत होतं ताई. मामांचा पाऊण तास गेलाच होता. मी कसला विचारच केला नाही, हात आपोआप चालला. बाईंनी दुसऱ्या दिवशी सगळी रक्कम पाठवली, वर कागदावर लिहिलं, "मिळाल्याची पोच द्यावी. धन्यवाद." मला वाटलं, खूश आहेत. त्यानंतर त्यांनी एकदाही फोन केला नाही. त्यांच्याच शब्दावर पाच इमारती आपल्याकडे आल्या होत्या. त्या पाचही आता नाहीत.

तू एक काम करशील? बाईंना एक फोन कर. तू लिफ्टच्या मोटार-खोलीत शिरायचीस तेव्हा त्या स्वतः विजेरी धरून उभ्या राहायच्या. तू ब्रेक म्हणालीस तर त्या ऐकतील.

शहाणा


२७ मार्च

ताई,

आज पोस्टमनने माझी मागची दोन्ही पत्रं आणून टेबलावर ठेवली. न उघडलेली. 'घेण्यास नकार' असं लाल पेनाने लिहिलंय. म्हणजे दवाखाना, बाई, चार बोटं, तुला काहीच ठाऊक नाही. आणि तुझंही बरोबर आहे. पहिल्या पत्रात गोड बोलून झाल्यावर तळाला सही होती, दुसऱ्यातही होती. माझ्या पत्राच्या तळाला काहीतरी असणारच, हे तुला कळून चुकलं.

हेही परत येईल. तरी लिहितो, कारण आता लिहिल्याशिवाय सुचत नाही.

त्या सप्टेंबरच्या दिवशी मामांनी मला फक्त वेळ नाही सांगितली. एक चिठ्ठीही दिली. माझ्यासमोर आहे. पेन्सिलने लिहिलंय: "ब्रेकचं लायनिंग फार झिजलं. सहा महिन्यांच्या आत बदलणे. बाईंना आजच सांगावे." खाली तारीख.

मी ती खणात टाकली. त्याच दिवशी सांगितलं असतं तर ते काम कराराच्या साध्या दराने करावं लागलं असतं. लिफ्ट बंद पडून त्यांनी तातडीने बोलावलं असतं, तर तातडीचा दर लागला असता. माझी ही पद्धतच होती. मामांना मी बजावून ठेवलं होतं, दिसलेलं सगळं गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, मला लिहून द्यायचं. पुढचं मी बघतो.

बाईंनी तातडीने बोलावलंच नाही. त्यांनी मलाच बदललं.

सहा महिने या महिन्यात संपले. मी रोज जातोय. बाहेर समोरच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहतो आणि गर्दी असली की आत शिरून पाहून येतो. आज वीतभर होतं. तुला सांगायला नको, पण माझं मलाच एकदा लिहून पाहायचंय: आत एखादंच माणूस असलं की दोराच्या पलीकडच्या टोकाला टांगलेलं वजन डब्यापेक्षा जड पडतं. ब्रेकने धरलं नाही तर डबा खाली पडत नाही, वर सरकतो. दार उघडं असलं तरी सरकतो. माणूस अर्धं आत असतं आणि अर्धं बाहेर. आणि तिथली माणसं डोळ्यांना पट्ट्या बांधून एकेकटी उतरतात.

मंगळवारी लिफ्ट निरीक्षकांच्या कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, मालकाची तक्रार हवी. मी म्हटलं, मालक माझं ऐकत नाहीत. तो म्हणाला, मग काही पुरावा असेल तर द्या, आजच्या आज माणूस पाठवतो. चिठ्ठी माझ्या वरच्या खिशात होती. चिठ्ठीवर तारीख आहे. मला केव्हापासून माहीत आहे, ते त्या तारखेवरून कुणालाही कळेल. परवाना जाईल, दुकान जाईल, कदाचित मीही आत जाईन. मी म्हटलं, शोधून आणतो. आणि परत आलो.

मामांनी आज काम सोडलं. हिशेब घ्यायलाही थांबले नाहीत. म्हणाले, "चिठ्ठी दिली की माझं काम संपलं, असं मी समजत होतो. संपलं नव्हतं." माझ्यावर ओरडले असते तर चाललं असतं.

मला भीती वाटते ताई. खूप वाटते. आणि त्यातली अर्धी अजूनही स्वतःसाठीच आहे, हे तुझ्यापासून काय लपवू.


५ एप्रिल
कार्ड पहिलं

ताई, हे उघडं कार्ड आहे, फोडावं लागत नाही. पोस्टमननेही वाचावं, माझी हरकत नाही. तीन कार्डं एकदमच टाकतोय, आकडे घातलेत. कुठेही सही करायची नाही.

परत आलेल्या पत्रांत होतं ते एवढंच: डोळ्यांच्या दवाखान्याच्या लिफ्टचा ब्रेक गेलाय, हे मामांनी सप्टेंबरातच मला लिहून दिलं होतं. तातडीचा दर मिळेल म्हणून मी ते बाईंना सांगितलं नाही. मग बाईंनी आपल्याला सोडलं. आता मी खरं सांगतोय तर त्यांना ती पैसे काढायची नवी युक्ती वाटते. निरीक्षकांना ती चिठ्ठी दाखवली असती तर लिफ्ट त्याच दिवशी बंद झाली असती. ती खिशात घालून मी आणखी आठ-दहा दिवस फिरलो.

काल सकाळी दवाखाना उघडताच गेलो आणि ती बाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचली. तारखेवर बोट ठेवून पुन्हा वाचली.


कार्ड दुसरं

"आजी आत रडत होत्या, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"त्या दिवशी संध्याकाळी कळलं."

"आणि दुसऱ्या दिवशी बिल पाठवलंत."

"हो."

बाई उठल्या. बटण स्वतः बंद केलं, लिफ्टच्या दारात एक खुर्ची आडवी टाकली, बाहेरच्या मुलीला प्रत्येक मजल्यावर कागद लावायला पाठवलं.  मला इतकं हलकं वाटलं ताई, की मी चक्क त्यांचे आभार मानायला लागलो. त्यांनी हाताने थांबवलं.

"अशा चिठ्ठ्या तुमच्याकडे आणखी किती आहेत?"

नाही म्हणता आलं असतं. त्यांना कुठून कळणार होतं? जीभ तर तिकडेच वळली होती.

"अकरा," मी म्हटलं.

त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. "लावा. माझ्यासमोर लावा."


कार्ड तिसरं

त्या अकराही जागा आपल्याला सोडून गेल्यात. माझ्या नंबरवरून लावला असता तर कुणी उचलला नसता. दवाखान्याचा नंबर पाहून पहिल्याने उचलला. माझा आवाज ऐकून म्हणाला, "आता कसले पैसे?" आणि ठेवून दिला. दुसऱ्याने तेवढंही विचारलं नाही. मग बाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. दर वेळी एकच वाक्य बोलल्या: "मी दवाखान्यातून बोलतेय, तुमची लिफ्ट आत्ता बंद करा, का ते नंतर सांगते." दहा जणांनी ऐकलं. एकानेही उलट विचारलं नाही.

अकरावं, ते चार मजली कापडाचं दुकान. आपल्यानंतर त्यांनी दुसऱ्या कुणाला लावलंच नव्हतं. माणूस बोलावला की काय काय लागतं, हे ते आमच्याकडून शिकले होते. फोन तिथल्या पहारेकऱ्याने उचलला. बाई म्हणाल्या, "लिफ्टबद्दल बोलायचंय."

तो म्हणाला, "तुम्हाला इतक्या लवकर कसं कळलं? अजून अर्धा तासही नाही झाला."

मी गेलो. तिसऱ्या मजल्यावर साड्या दाखवणाऱ्या एक बाई गठ्ठा हातात घेऊन लिफ्टमधून उतरत होत्या, तेवढ्यात डबा वर सरकला. त्या मोठ्या इस्पितळात आहेत, डॉक्टर काही बोलत नाहीत. त्यांचा मुलगा जिन्यावर बसला होता. मी अकरावी चिठ्ठी पोलीस अधिकाऱ्याच्या हातात दिली. आत्ता पोलीस चौकीतल्या बाकावर बसून लिहितोय, काल मला घरी जाऊ दिलं नाही.

त्याने विचारलं, केव्हापासून माहीत होतं. जुलैपासून, मी म्हटलं. मग सांगितलं का नाही? मी त्याला दोन्ही दर सांगितले, साधा आणि तातडीचा, आणि मधला फरक किती तेही सांगितलं. तो लिहायचा थांबला आणि माझ्याकडे पाहत राहिला.

"एवढ्यासाठी?"

मी हो म्हटलं. त्याने तो आकडा लिहून घेतला.